बेंबळीच्या वाटेवर

दिवाळी अंकात प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे एकदम काश्मीर उभे राहते. नाहीतर मग युरोप. प्रवासावर लिहिणाऱ्या माणसाने निदान एकदा तरी बर्फ पाहिलेला असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. मीही बर्फ पाहिला आहे. पण तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. तेव्हा वाचकहो, आधीच सांगून टाकतो, की या लेखात बर्फ नाही, समुद्र नाही आणि एकही राजवाडा नाही. या लेखात बेंबळी आहे.

"कुठे?" असे आमच्या शेजाऱ्यांनी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा नाव नीट ऐकू आल्यावर त्यांना हसू आवरेना. "बेंबीच्या देठापासून ओरडणारी माणसे राहतात की काय तिथे?" असे म्हणून त्यांनी आमच्या प्रस्थानाचा शुभारंभ केला. प्रत्यक्षात बेंबळीची माणसे फार हळू बोलतात असे नाही; पण ओरडतही नाहीत. गाव धाराशिव जिल्ह्यातले, धाराशिव तालुक्यातले. बाजार आहे, पोलीस ठाणे आहे, आजूबाजूच्या खेड्यांची तिथे रोजची ये-जा आहे. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जाणारी आपली पुण्या-मुंबईची माणसे इथून फार लांब नसतात. पण त्यांची मोटार काही इकडे वळत नाही. वळावी असे पाटीवर लिहिलेलेही काही नाही.

मी गेलो त्याला कारण एक निमंत्रण. माझे एक स्नेही त्या भागात उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झाले. सगळा गाव त्यांना नुसते 'गुरुजी' म्हणतो, आपणही तेच म्हणू. त्यांनी लिहिले होते, "१७ सप्टेंबरला या. तुमच्याकडे त्या दिवशी काय असते?" मी कॅलेंडर पाहिले. आमच्याकडे त्या दिवशी काहीच नव्हते. गुरुजींना हेच उत्तर अपेक्षित होते. त्यांनी उलट टपाली कळवले, "आमच्याकडे स्वातंत्र्य असते. म्हणून या."

गाडीतली शाळा

रात्री पुण्याला गाडीत बसले की पहाटे धाराशिव येते. या शहराच्या नावाचीही एक कथा आहे. जुने नाव धाराशिव. मग शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले, आणि २०२३ साली सरकारदरबारी पुन्हा धाराशिव. जवळच डोंगरात प्राचीन लेणी आहेत. त्यांना मात्र लोक कायम धाराशिवचीच लेणी म्हणत आले. दगडाची स्मरणशक्ती कागदापेक्षा बरी असते, असे म्हणायचे.

स्टँडवर चहा घेतला आणि बेंबळीच्या एसटीत जाऊन बसलो. गाव मागे पडले की बालाघाटाचे पठार पसरत जाते. भाद्रपदातले दिवस. दोन्ही बाजूंनी सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी. जिथे काही पेरलेले नाही तिथे काळीभोर माती, ओली असली की लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी. बांधावर काळ्या शेळ्या. याच त्या प्रसिद्ध उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचे नाव बदलले तरी शेळीचे कोणी बदललेले दिसत नाही. तीही त्याबद्दल तक्रार करीत नव्हती.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने मला न्याहाळून घेतले.

"कुनाकडं निघालाव?"

"बेंबळीला. शाळेत."

"मास्तर हाव का?"

"नाही, नुसता बघायला."

शाळा नुसती बघायला एवढ्या लांबून माणूस येतो, हे काही तिला पटले नाही. "बगा बापा," एवढे म्हणून ती खिडकीकडे वळली. पण पुढच्याच थांब्यावर गाडीत पोरी चढल्या, पाठीवर दप्तरे, केसांना रिबिनी. आणि म्हातारीने आपली बोचकी मांडीवर घेऊन चट्‌दिशी दोघींना जागा करून दिली. कोणी कोणाला काही म्हटले नाही. रोजचा रिवाज असावा. कंडक्टरने तिकिटाचे विचारले नाही, पास पाहिला न पाहिल्यासारखे केले. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव दिले आहे, आणि नावाला शोभणाऱ्या ज्या थोड्या सरकारी योजना आहेत त्यांत तिची गणना करायला हरकत नाही. पुढच्या तीन थांब्यांवर हेच घडले. बेंबळी येईपर्यंत गाडीत सत्तेचाळीसचा पाढा, इंग्रजीचे स्पेलिंग आणि कोणाच्या तरी मावशीच्या लग्नाची हकिगत एकाच वेळी चालू होती. शाळा इमारतीत भरते असा माझा समज होता. तिची पहिली तासिका गाडीतच होते, हे मला त्या दिवशी समजले.

स्वातंत्र्याचा दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन. शाळेचे नाव मी देत नाही. मुख्याध्यापकांनीच तशी विनंती केली. "आमच्यासारख्या शाळा जिल्ह्यात पुष्कळ आहेत," ते म्हणाले, "एकीचेच नाव छापले तर बाकीच्यांनी काय केले?"

आपण १५ ऑगस्टला झेंडा लावतो. मराठवाडा तो १५ ऑगस्टलाही लावतो आणि १७ सप्टेंबरलाही. १९४७ साली दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा इथे निजामाचे राज्य होते, आणि रझाकारांचा धुमाकूळ माजला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनी या मुलखाला स्वातंत्र्य मिळाले. पुण्याच्या शाळेत इतिहास शिकलेल्या माझ्यासारख्याला हे तेरा महिने कधी भेटलेच नव्हते. आमच्या पुस्तकात ते एका ओळीत उरकले होते.

मुलांच्या रांगा लागल्या. पुढे खुर्चीवर गावातले एक आजोबा, नव्वदीकडे झुकलेले, पांढरा फेटा, हातात काठी. झेंडा चढला तसे ते काठीच्या आधाराने उठले आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांनी काठी जमिनीला लावली नाही. काखेत धरून ताठ उभे राहिले. नंतर मुलांपुढे त्यांना बोलायला सांगितले. भाषण अगदी लहान होते.

"माझ्या बापाला सही यायची न्हाई. जमिनीचा कागद आला की वाचायला मानूस हुडकावं लागायचं. कागद उर्दूत. वाचनारा सांगंल ते खरं. तुमी वाचा. दुसऱ्याच्या तोंडानं वाचू नका."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना साखरेच्या पुड्याची घाई होती. मी मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशीच राहिलो.

फौकानिया आणि हिप्परगा

दुपारी आजोबांच्या ओसरीवर बैठक जमली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरून दही, आणि तोंडी लावायला जुन्या गोष्टी. निजामी राज्यातल्या शाळांची नावे आजोबांना अजून पाठ आहेत: प्राथमिक ती तहतानिया, माध्यमिक ती वस्तानिया, आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. खालच्या वर्गांत मुलाची मातृभाषा चाले; पण वर चढावे तसे शिक्षण उर्दूतून होई. कचेरी उर्दूत, कायदा उर्दूत. खेड्यातल्या पोराला चौथीनंतर पुढे जायचे तर दोन डोंगर ओलांडावे लागत. पहिला, तालुक्याच्या गावापर्यंतचा रस्ता. दुसरा, परकी भाषा.

यात उर्दूचा काही अपराध नव्हता, हे गुरुजींनी आवर्जून सांगितले, आणि ते खरे आहे. भाषा गोडच. उलट १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो केवढा धाडसी प्रयोग होता!  पण त्या संस्थानातले बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे. 'आपल्या भाषेतून शिका' हे वचन उत्तम होते. फक्त ती 'आपली' भाषा कोणाची, हा प्रश्न रयतेला कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न रयतेने स्वतःच विचारला, आणि शाळा काढून विचारला. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन निघाले, अंबाजोगाईला १९१७ साली योगेश्वरीची शाळा निघाली. खाजगी शाळा काढायला सरकारी परवानगी लागे आणि ती मागणाऱ्यावर नजर राही. तरी लोकांनी वर्गणी काढून, धान्य देऊन, कोणाच्या वाड्याची ओसरी मागून घेऊन शाळा चालवल्या.

त्यांतली एक याच जिल्ह्यातली. आजच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे गाव आहे. तिथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी या दोघांनी १९२१ साली राष्ट्रीय शाळा काढली. असहकाराचे ते दिवस. ब्रिटिश हिंदुस्थानात ठिकठिकाणी राष्ट्रीय शाळा निघत होत्या. पण निजामाच्या राज्यात, एका आडवळणाच्या खेड्यात अशी शाळा काढणे म्हणजे वाऱ्यावर दिवा लावण्यासारखे होते. १९२९ साली या शाळेला एक मुख्याध्यापक मिळाले. वय जेमतेम पंचविशीच्या पुढे, एम. ए. झालेले, कामगार चळवळीत ना. म. जोशींबरोबर काम केलेले, त्या दगदगीत प्रकृती पार ढासळलेली. नाव व्यंकटेश खेडगीकर. १४ जानेवारी १९३० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, या मास्तरांनी हिप्परग्यातच संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यास घेतल्यावर माणसे हिमालयात जातात. स्वामीजी दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले असतील, असे मला वाटते. कारण पुढे पाच वर्षे ते शिकवीतच राहिले. १९३५ साली ते आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मापूर्वीच बेकायदा ठरली, सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. आणि दहा वर्षांनी जो लढा १७ सप्टेंबरपर्यंत पोचला त्याचे नेतृत्व याच मास्तरांकडे होते. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम खडू-फळ्यापासून सुरू झाला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ज्या राज्यात सभा घ्यायला परवानगी नव्हती, तिथे रोज सकाळी चाळीस मुले एकत्र बसवणारी एकच जागा होती, आणि ती म्हणजे शाळा.

शिडी

हे ऐकत असताना मला माझा भाचा आठवला. तो नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये कार्डिफला असतो. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. त्याची मुलगी तिथल्या शाळेत जाते, आणि शाळेतून घरी येणारी चिठ्ठी दोन भाषांत असते: आधी वेल्श, मग इंग्रजी. "मामा," तो मला एकदा म्हणाला होता, "इंग्रजांच्या देशात येऊन माझी मुलगी तिसरीच भाषा शिकते आहे!"

ही तिसरी भाषा तिथे टिकली त्याची हकिगत बेंबळीच्या ओसरीवर सांगण्यासारखी होती, म्हणून मी ती सांगितली. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या कित्येक शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवीत. दुसरा कोणी बोलताना सापडला की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला छड्या. १८४७ साली लंडनहून नेमलेल्या तीन अधिकाऱ्यांनी वेल्सच्या शाळांवर अहवाल लिहिला. तिघांपैकी कोणालाच वेल्श येत नव्हती. त्यांनी लोकांच्या अज्ञानाचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. तो अपमान तिथली माणसे अजून विसरलेली नाहीत.

पण नुसते लक्षात ठेवून ती थांबली नाहीत. १८७२ साली ॲबरिस्टविथला त्यांनी कॉलेज काढले, त्याला खेड्यापाड्यांतल्या गरीब माणसांनी आपल्या पेन्या दिल्या. त्याच गावात १९३९ साली वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, ती सात मुलांवर. आणि १९५६ साली ऱ्हिल येथे ग्लान क्लुइड ही वेल्श माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा. आज कार्डिफसारख्या इंग्रजाळलेल्या शहरातही घरी इंग्रजी बोलणारे आईबाप मुलांना वेल्श शाळेत घालतात. वेल्श भाषेत शाळेला 'अस्गोल' म्हणतात, आणि गंमत अशी की शिडीलाही तोच शब्द आहे.

"बरोबर हाय की," आजोबा म्हणाले. "वर चढायला लागती ती शिडीच. पर शिडीचा पाय आपल्या अंगनात पायजे. दुसऱ्याच्या अंगनात असला तर चढून बी दुसऱ्याच्याच माळवदावर जातो मानूस."

माळवद म्हणजे इकडच्या घरांचे सपाट धाब्याचे छप्पर. एवढे नेमके भाष्य मी कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या ग्रंथात वाचलेले नाही.

माळवदे पडली तेव्हा

माळवदावरून बोलणे अपरिहार्यपणे भूकंपावर गेले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावे उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. बेंबळीकरांनाही तो हादरा बसला; त्या रात्रीविषयी बोलताना गुरुजी अजून आवाज खाली आणतात.

"मग शाळेचं काय झालं?" मी विचारले.

"काय व्हायचं? भरली." गुरुजी म्हणाले. "पडक्या गावांतून पत्र्याच्या शेडमध्ये भरली, झाडाखाली भरली. आईबाप नसलेल्या पोरांना आधी काय पाहिजे? भाकरी. आणि मग? दहा वाजता कुठंतरी जायला पाहिजे. तासाची घंटा पाहिजे. नाहीतर दिवस संपत नाही." भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेली, पुढे वाघोलीला त्यांची शाळा आणि वसतिगृह उभे राहिले. घर पडलेल्या मुलाला घराच्या आधी शाळा मिळाली.

या भागात १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आहेत. त्याआधी राज्य बदलले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. उर्वरित महाराष्ट्रात हायस्कुले बहुतेक खाजगी संस्थांची. मराठवाड्यात मात्र जिल्हा परिषदेच्याही माध्यमिक शाळा आहेत, आणि त्यांना 'प्रशाला' म्हणतात. जुन्या सरकारी हायस्कुलांचा तो वारसा. फौकानियाची प्रशाला झाली. भाषा आपली झाली, मास्तर आपले झाले, सत्ता आपली झाली. गोष्ट इथेच संपायला हवी होती, नाही का?

मार्चपर्यंतची मुदत

ती संपत नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. बोलणे चालले होते ते गावातून सकाळी पिवळ्या गाड्या भरभरून दूरच्या इंग्रजी शाळांकडे जाणाऱ्या मुलांविषयी. "त्यांना दोष कसा देणार?" मुख्याध्यापक म्हणाले. "आजोबांच्या वडलांना उर्दू कागद वाचता येत नव्हता, तशी भीती यांना इंग्रजी कागदाची आहे. भीती खरी आहे. म्हणून आम्ही इंग्रजी नीट शिकवायला पाहिजे, हा त्यावर उपाय. पण सगळी ऐपतवाली मुलं गेली की शाळेत उरतात ती ज्यांच्या बापाचा शब्द ग्रामपंचायतीत कोणी ऐकत नाही ती. मग छप्पर गळलं तरी बोलायला माणूस नसतो."

एवढ्यात दारात एक जोडपे येऊन उभे राहिले. मागे दहावीतली मुलगी. वस्ती ओढ्यापलीकडची. ओढ्याला पाणी आले की रस्ता बंद, एसटी बंद. त्या पावसाळ्यात तिचे पुष्कळ दिवस बुडाले होते. बापाचे म्हणणे सरळ होते. पोरीला ओढ्यातून पाठवायचे भय वाटते. एक स्थळही चालून आले आहे. नाव काढून टाका.

मला वाटले, आता मुख्याध्यापक कायदा सांगतील, अठरा वर्षांच्या आत लग्न म्हणजे गुन्हा, वगैरे. कायदा त्यांना माहीत होता आणि गरज पडली असती तर त्यांनी तो काढलाही असता. पण त्यांनी आधी हजेरीपट मागवला, मुलीचे चाचणीचे गुण बापाला वाचून दाखवले. मग म्हणाले, "ओढ्याचं तुमचं खरं आहे. ओढ्याचं काय करायचं ते सांगा."

खोलीत कोणी बोलेना. मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत होती. तेव्हा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या शिपाईमावशी मध्येच म्हणाल्या, "पान्याच्या दिवसांत माझ्याकडं ऱ्हाईल की. माझी बी पोरगी नववीला हाय. दोघी मिळून अभ्यास करतील. भाकरी काय, एक जास्तीची थापायची."

आईने पहिल्यांदाच मान वर केली. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, शिपाईमावशीकडे पाहिले. त्या एका नजरेत काय काय होते ते मला लिहिता यायचे नाही.

बाप बराच वेळ टोपी हातात फिरवीत राहिला. मग म्हणाला, "परीक्षा कवा हाय?"

"मार्चात."

"मग तवर बोलनी थांबवतो."

ती मंडळी गेल्यावर मी जरा निराशेने म्हणालो, "म्हणजे फक्त मार्चपर्यंतच!"

मुख्याध्यापक हसले. "तुम्ही शहरातले लोक सगळी रक्कम एकदम मागता. आम्ही हप्त्याने घेतो. आज मार्च मिळाला. मार्चात निकालापर्यंत थांबा म्हणू. निकाल लागला की अकरावीचा जून मागू. असे हप्ते भरत भरत आमच्या काही मुली आज नर्स आहेत, काही शिक्षिका आहेत. सगळ्यांचे हप्ते पुरे झाले नाहीत, हेही खरं."

हे शेवटचे वाक्य त्यांनी खिडकीबाहेर पाहत म्हटले.

हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेपुढे निजामाचे राज्य होते. शत्रू मोठा, पण दिसणारा. बेंबळीच्या शाळेपुढे एक ओढा आहे, एक चालून आलेले स्थळ आहे, आणि आपण सुशिक्षित माणसांनी आपल्या मुलांसाठी दुसरीकडे काढून घेतलेले लक्ष आहे. यांच्याविरुद्ध सत्याग्रह करता येत नाही. एक जास्तीची भाकरी थापता येते. शाळा लोकांनी काढली होती तेव्हा ती धान्य घालून, ओसरी देऊन चालली. ती सरकारची झाली म्हणून लोकांचे काम संपले, असे आपण सगळ्यांनी मानून घेतले. बेंबळीतल्या त्या मावशींनी मात्र तसे मानलेले नाही. त्यांना वेल्सचे नाव माहीत नसेल आणि स्वामीजींचे चरित्रही त्यांनी वाचले नसेल. पण शिडीचा पाय कोणी धरायचा असतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सहामाही परीक्षा आटोपलेली असेल. ओढ्याचे पाणी ओसरले असेल, सोयाबीन निघून रब्बीच्या ज्वारीची पेरणी झाली असेल. ती मुलगी, गुरुजींचे पत्र आहे की, गणितात जरा कच्ची आहे. त्यांनी तिला आणि शिपाईमावशींच्या मुलीला संध्याकाळी ओसरीवर बोलावणे सुरू केले आहे. दिवाळीच्या सुट्टीतही ते चालू राहील.

मार्चला अजून चार महिने आहेत.